काथाच्या सात लडी

१९५४ च्या उन्हाळ्यात बुधवारा पेठेमागच्या बंद रंगखान्याच्या जागी मुलींची शाळा बांधायचे ठरले. तिच्या विहिरीसाठी ओव्हरसियर प्रभाकररावांनी उत्तरेच्या कोपऱ्यात चुन्याची खूण केली. जुन्या नकाशात तिथे काहीच नव्हते. त्यांना तेवढे पुरेसे होते. भागाबाईंना नव्हते. त्या रंगखान्यात त्यांनी बावीस वर्षे सूत धुतले होते आणि रंग पक्का करणाऱ्या विषारी लाल खाराचे व्रण त्यांच्या बोटांवर अजून होते. शिवाय त्यांची नात याच शाळेचे पाणी पिणार होती.

“मावशी, नक्शात हौद तीन. तिन्ही दक्षिणेला. बुजवले, मामला खतम,” प्रभाकरराव म्हणाले.

“आणि खाराचं पाणी सोडायचो तो चौथा? तो काय माझ्या सासूनं सपनात बांधला?”

गवंडी फिदीफिदी हसले. प्रभाकरराव हसले नाहीत. “सबूत द्या. परवापर्यंत कुदळ थांबवतो.”

काथात बुडवलेले सूत खार लागला की गडद तपकिरी होते, हे भागाबाईंना पाठ होते. त्यांनी एकच सूत काथात बुडवून त्याच्या सात फिकट लडी केल्या. सहा ठिकाणची माती खोलवरून काढून सहा मडक्यांत पाण्यात कालवली. सातव्यात स्वतःच्या अंगणातली माती घातली आणि प्रत्येक मडक्यात एक लड सोडली. रंग आपोआप चढतो, असे कोणी म्हणायला नको.

तिसऱ्या सकाळी सगळे जमले. फाटकापासून वीस पावलांवर चौथा हौद होता, असे त्या छातीठोकपणे सांगत होत्या. तिथल्या मातीतली लड अंगणातल्या लडीइतकीच फिकट निघाली.

“घ्या! तुमचा हौद कोराच निघाला,” एक गवंडी म्हणाला.

भागाबाई पुढच्या मडक्याकडे वळल्या. विहिरीच्या खुणेजवळच्या मातीतली लड काळपट तपकिरी झाली होती. क्षणभर त्या गोंधळल्या. मग फाटकाकडे पाहून त्यांनी कपाळावर हात मारला.

“अहो, हे फाटक नवं! रंगखान्याच्या लिलावानंतर भिंत फोडून केलेलं. जुनं पश्चिमेला होतं.”

पश्चिमेच्या बुजवलेल्या कमानीपासून त्यांनी वीस पावले मोजली. विसावे पाऊल चुन्याच्या खुणेलगत पडले. कुदळीच्या दहाव्या घावाला हौदाची कड लागली. आतली माती केशरी-पिवळी होती.

“माझी याद चुकली, भाऊ. लड नाही चुकली.”

प्रभाकररावांनी पायाने खूण पुसली. “मग आता विहीर कुठं घ्यायची, तुम्हीच सांगा.”

“मी कशाला सांगू? आणखी सहा मडकी मागवा.”