अण्णांचे तळवे

अण्णा, म्हणजे माझे वडील, चिकपेटच्या बाजारात एका साडीच्या दुकानात कामाला होते. दिवसभर गादीवर अनवाणी. गादीवर चप्पल घालून कुणी चढत नसे. लक्ष्मीची जागा ती. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच.

अण्णांना मधुमेह होता. पायांना मुंग्या येतात म्हणून त्यांना पायांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. नुसते पाय बघणारे डॉक्टर असतात, हे आम्हाला तेव्हाच कळलं. त्यांनी अण्णांना डोळे मिटायला लावले आणि नायलॉनचा जाड दोरा तळव्याला टेकवला. "लागलं की सांगा." अण्णा डोळे मिटून वाट बघत राहिले. दोरा तोवर सात-आठ ठिकाणी टेकून झाला होता.

डॉक्टरांनी घट्टे तासले. "अनवाणी चालायचं नाही," ते म्हणाले.

"घरात सरी." 'ठीक' म्हणायला अण्णांच्या तोंडी दुकानातलं कानडी 'सरी'च येई. "पण गादीवर? मालक मला चपलेसकट बाहेर काढतील."

डॉक्टर हसले. "मग पांढरे मोजे घाला, रक्त आलं तर दिसेल. आणि रोज संध्याकाळी कुणीतरी तळवे बघायचे."

आईला मोतीबिंदू होता. काम माझ्याकडे आलं.

दोन महिने मी ते नीट केलं. राजाजीनगरच्या आमच्या खोलीत अण्णा खुर्चीवर बसत, मी खाली. त्यांना लाज वाटे. "शिकलेली पोरगी आणि काम बघा हिचं!"

मग परीक्षा आली. मी पुस्तकातून मान वर न करता विचारू लागले, "अण्णा, पाय बरे आहेत ना?"

"सरी आहेत गं. तू वाच."

ज्या माणसाला दोरा टेकलेला कळला नव्हता, त्यालाच मी हे विचारत होते.

शेवटचा पेपर देऊन आले, तर अण्णांचा मोजा पायाला चिकटून बसला होता. दवाखान्यात डॉक्टरांनी तो भिजवून काढला. अंगठ्याशेजारचं बोट काळपट पडलं होतं. त्याच्या मुळाशी एक टाचणी रुतली होती, साडीच्या घडीला लावतात तसली.

"किती दिवस झाले?"

"कालचीच असेल," अण्णा म्हणाले. "ही रोज बघते."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली पडलेला मोजा उचलला.

"आठवडा तरी झालाय," ते म्हणाले आणि पुन्हा काही विचारलं नाही.

बोट वाचलं नाही. ते काढायच्या आदल्या दिवशी मी हॉस्पिटलात अण्णांच्या खाटेपाशी बसले. "अण्णा, मी दहा-बारा दिवस तळवे बघितलेच नव्हते."

"ठाऊक आहे. पाय बधिर झालेत, मी नाही. तू खाली बसलीस की नाही एवढं कळतं मला."

"मग डॉक्टरांना तसं का सांगितलंत?"

"ते तुला बोलले असते. उगीच."

मला तिथे बसवेना. जिन्यात डॉक्टर भेटले, तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. ते रागावतील असं वाटलं होतं. खरं तर त्यांनी रागवावं असंच वाटत होतं. त्यांनी ऐकून घेतलं.

"दुसरा पाय आज बघितलास?"

नव्हता बघितला. चार दिवस सगळेजण त्या एका बोटाकडेच बघत होतो. मी तशीच वॉर्डकडे वळले.