ओठांसाठी जुळवलेलं गाणं

चहाचा घोट डाव्या ओठाच्या कोपऱ्यातून गाऊनवर सांडला, तेव्हा मला वाटलं, कपच नीट धरला नसेल. आरशात पाहिलं तर अर्धा चेहरा खाली ओघळलेला. डावा डोळा मिटेना. इथे आखातात, अल मनखूलमधल्या आमच्या शेजारणी म्हणाल्या, एसीचं वारं लागलं. डॉक्टर म्हणाले, चेहऱ्याची नस सुजली आहे. बहुतेकांची पूर्ण बरी होते, काहींची नाही. मी त्यातलं शेवटचं तेवढं घरी घेऊन आले.

माझी नोकरी दातांच्या क्लिनिकमध्ये, समोरच्या काउंटरवर. आलेल्या पेशंटकडे बघून हसणं हेच निम्मं काम. रजेनंतर मॅनेजरने मला मागच्या खोलीत इन्शुरन्सचे क्लेम भरायला बसवलं. ठीक झालीस की पुन्हा फ्रंटला, इन्शाल्ला, असं तो हिंदीत फार गोड बोलला. मी मान डोलावली.

फिजिओथेरपिस्टने ओठांचा व्यायाम दिला होता: आरशासमोर प, फ, ब, भ, म म्हणायचं. मला आरसाच नको होता. माझ्या नवऱ्याचं उम्म अल कुवैनला अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्यांचं वर्कशॉप आहे. रोज गाडीत जाता-येता त्याने तीच अक्षरं घेऊन गावाकडच्या चालीवर एक गाणं जुळवलं.

बांधावर बाभूळ, पिवळी पिवळी फुलं,
मोप पाहिल्या बाया, मन तुझ्यापाशी भुललं.

तो म्हणायचा, मी मागून म्हणायचे. माझ्या 'फुलं'मधून नुसती हवा निसटायची. सुरुवातीला आम्ही हसलो. चेहरा मात्र हलेना, तसं मला ते गाणं नकोसं झालं. घरातही मी उजवी बाजू पुढे करून वावरायला लागले. एकदा मुलीने शाळेत काढलेलं चित्र दाखवलं. मला ते फार आवडलं. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आई, आर यू अँग्री विथ मी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा मला क्लिनिकला सोडत होता. त्याने गाणं सुरू केलं. मी पुरे म्हटलं. त्याला गंमत वाटली, त्याने दुसरी ओळ धरली.

"पुरे म्हटलं ना," मी म्हणाले. "या गाण्याचा अर्थ एवढाच, की तू पूर्वीसारखी हो. आणि नाही झाले तर?"

त्याने गाडी पेट्रोल पंपाच्या कडेला घेतली. इंजिन बंद करून माझ्याकडे वळला. विचारून बसले खरी, पण आता उत्तराची धास्ती वाटायला लागली.

"तर नाही झालीस," तो म्हणाला. "त्या ओळीत कुठं आहे, की तोंड सरळ आहे म्हणून मन भुललं?"

हे म्हणताना तो हसला नाही.

"मला तुझ्या चेहऱ्याची भीती नाही वाटत," तो पुढे म्हणाला. "त्यांनी तुला मागे बसवलं आणि तू काही न बोलता बसलीस, त्याची वाटते."

मला भयंकर राग आला. नेमकं दुखतं तिथेच त्याने बोट ठेवलं होतं.

त्या दिवशी मी मागच्या खोलीत गेलेच नाही. काउंटरवर जाऊन कॉम्प्युटर चालू केला. मॅनेजर आला. 'पेशंट'मधला प धड उमटत नव्हता, तरी मी त्याला सांगितलं, की अपॉइंटमेंट, फोन, सगळं मी करू शकते. मी इथेच बसणार आहे. वेटिंगमधले लोक बघत होते. आजच्या दिवस बस, संध्याकाळी बघू, असं म्हणून तो आत गेला.

दिवसभर मी त्या संध्याकाळच्या धाकात होते. काहींनी दोनदा वळून पाहिलं. एका बाईंनी आवाज चढवून, मला ऐकू येत नसावं तसं, वेळ विचारली. मी ती हळू आवाजात सांगितली.

दुपारी रूट कॅनॉल झालेली एक बाई बाहेर आली. इंजेक्शनने अर्धं तोंड बधिर झालं होतं. पाणी प्यायला गेली तर ते हनुवटीवरून ओघळलं. तिने लाजून तोंडावर हात धरला. मी टिश्यू दिला आणि मान दुसऱ्या बाजूला कलती करून कसं प्यायचं, ते स्वतः पिऊन दाखवलं. तिने माझ्याकडे नीट पाहिलं, मग हात काढला. पाणी संपेपर्यंत ती तिथेच उभी राहिली.

संध्याकाळी मॅनेजरने विषय काढला नाही. दुसऱ्या दिवशीही मी तिथेच बसले.

चेहरा हळूहळू बराचसा परतला, सगळा नाही. अजून जेवताना डावा डोळा आपोआप मिटतो. नवरा समोर असला की विचारतो, डोळा मारतेस का. मी हो म्हणते.