पोपटमामांचं सिनेमाचं पुस्तक

सुरतेत गोडादऱ्यात आमच्या शेजारी राहणाऱ्या पोपटमामांना हळू बोलताच यायचं नाही. वीस वर्षं कापडाच्या लूमच्या खडखडाटात काढलेला माणूस! त्र्याण्णव साली त्यांनी सुरत स्टेशनबाहेरून एक पुस्तक आणलं. गाजलेल्या सिनेमावरून कुणीतरी लिहिलेली कादंबरी. "सिनेमा बघायचा सोडून वाचायचा कशाला?" मी नाक मुरडलं. मी तेव्हा कॉलेजात होते, मला सगळंच कळत होतं.

लूमला सुट्टी असली की मामा ते काशीमामींना वाचून दाखवायचे आणि अख्खी गल्ली ऐकायची. नायकाची आई मरण्याआधी लेकासाठी पत्र लिहून ठेवते, तिथे तर सगळ्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले.

पुढे तोच सिनेमा पुन्हा लागला. झाडून सगळी गल्ली गेली. पडद्यावर आई मेली, पण पत्र काही निघालं नाही. "रीळ कापलं मेल्यांनी!" काशीमामी उभ्या राहून ओरडल्या. मग काय, गल्लीच उभी राहिली. मॅनेजर शपथा घेऊन दमला. मामा तेवढे खाली मान घालून बसले होते.

घरी येताच मी काशीमामींकडून पुस्तक मागून आणलं आणि चाळलं. पत्र त्यातही नव्हतं! तशीच मामांकडे गेले आणि तावातावाने विचारलं, "मामा, पत्र कुठाय?"

मामा आयुष्यात पहिल्यांदा कुजबुजले, "हळू बोल गं. पुढच्या सुट्टीला मी त्या आईलाच जिवंत करतोय."

त्या सुट्टीला मी सगळ्यांच्या आधी जाऊन बसले.