बिनबाह्यांचा कोट

माझी आत्या शिवणकाम शिकली ती मुलीसाठी. पहिली मुलगी झाली, तिला डाउन सिंड्रोम आहे असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि दुसऱ्या दिवसापासून जो तो शहाणपण पाजळायला दारात. हिला कुठेतरी ठेवून या, लोकांपुढे आणू नका, दुसरं मूल होऊ द्या. ज्यांना स्वतःची पोरं धड सांभाळता आली नाहीत, तेच यात पुढे होते. तीस वर्षं झाली, अजूनही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

त्या मुलीला आम्ही साहेब म्हणतो, कारण त्या हुकूम सोडतात आणि आम्ही पाळतो. साहेबांचे हात आखूड, मान रुंद. तयार कपड्यांच्या बाह्या बोटांच्याही पुढे जायच्या. दुकानदार म्हणायचा, "दुमडा की, हिला कोण बघतंय?" आत्याने एकदाही दुमडल्या नाहीत. शिलाई मशीन घेतलं, आणि मापांच्या वहीचं पहिलं पान साहेबांच्या नावे केलं. पुढे त्यातूनच तिचं शिवणकामाचं दुकान उभं राहिलं.

साहेबांचा धाकटा भाऊ बाळ्या त्यांचंच बोट धरून चालायला शिकला. आता तो बँकेत अधिकारी आहे. त्याचं लग्न ठरलं, तेव्हा बटणं निवडता निवडता साहेबांनी ते दुकानातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं. काहींना दोनदा.

लग्नाला तीन आठवडे असताना बाळ्या कापड घेऊन आला. घरातल्या बायकांना एकाच रंगाचे कपडे, फोटोत छान दिसतं म्हणे. आत्याने कापड मोजलं, तर तिच्या आणि माझ्यापुरतंच भरलं. बाळ्या जमिनीकडे बघत म्हणाला, ताईला गर्दीचा त्रास होतो, त्या दिवशी ती शेजारच्या काकूंकडे राहील. आत्याने खोदून विचारलं, तेव्हा खरं बाहेर पडलं. मुलीकडच्यांना त्याने सांगितलं होतं की आपण एकुलते एक. सगळ्या भेटीगाठी बाहेर का उरकल्या, ते आत्ता कळलं.

हे सगळं साहेबांच्या समोर. त्यांना ऐकू येत नाही असं लोक का धरून चालतात, देव जाणे.

बाळ्याचा लग्नाचा कोट आत्याच शिवत होती. फक्त बाह्या लावायच्या राहिल्या होत्या. तिने कापड त्याच्या हातात परत ठेवलं आणि कोट खुंटीला टांगला.

"त्यांना खरं सांगून ये, मग बाह्या लावते."

तो पाय आपटत गेला. कोट तसाच लटकत राहिला. गिऱ्हाइकं विचारायची आणि आत्या एक अक्षरही न गाळता कारण सांगायची. नातेवाइकांनी तिलाच धारेवर धरलं, म्हणे पोराच्या सुखात माती कालवतेस. त्यातल्या एका काकांना मी दुकानाची पायरी उतरायला लावली, आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटत नाही.

लग्नाला पाच दिवस उरले, तेव्हा बाळ्या बाजारातला तयार कोट घालून हजर. बाह्या थेट बोटांवर आलेल्या. आई, एवढ्या आखूड करून दे, म्हणाला. निर्लज्जपणाचीसुद्धा काही हद्द असते.

आत्या तोंड उघडणार, तोच साहेब उठल्या. त्याच्यासमोर उभ्या राहून त्याची बाही दुमडायला लागल्या. एक घडी, मग दुसरी, नीट हात फिरवून.

"दुमड की, बाळ्या," त्या म्हणाल्या. "तुला कोण बघतंय?"

त्या चिडल्या नव्हत्या. त्यांना वाटत होतं, बाही लांब झाली की असंच सांगायचं असतं. बाळ्याने तिथेच खिशातून फोन काढला. मुलीकडच्यांना लावला आणि म्हणाला, मला एक मोठी बहीण आहे. पलीकडून काय बोलणं झालं ते आम्हाला कळलं नाही. तो मात्र खूप वेळ ऐकत होता.

फोन ठेवून तो म्हणाला, ते उद्या ताईला भेटायला येतायत. आणि खुंटीवरच्या कोटाकडे बघितलं.

आत्याने मापाची टेप गळ्यात टाकली आणि वहीचं पहिलं पान उघडलं.

"आधी कापड आण," ती म्हणाली. "तिघींचं."