सूर्याच्या आड बसलेल्या खंदारे सिस्टर

आमच्या सूर्यनमस्कारात सूर्याच्या आधी खंदारे सिस्टरांची पाठ दिसायची. परभणीतल्या आमच्या कॉलनीच्या मधोमध एक मोकळी जागा आहे. काळी माती, कडेला दोन बाभळी, पलीकडे पाण्याची टाकी. टाकीमागून सूर्य वर येतो, आणि नेमक्या त्याच बाजूला, आमच्या पुढ्यात, सिस्टर सतरंजी टाकून ध्यानाला बसत. सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या, सडपातळ, पांढऱ्या साडीतल्या. मागून कुणालाही वाटावं, किती शांत बाई आहे!

मी शाळेतला निवृत्त क्रीडाशिक्षक. त्या मोकळ्या जागेत पहाटेचा फुकट योगवर्ग सुरू केला, तेव्हा पहिल्याच सकाळी ती पाठ वळली.

"भोंगा बंद करा."

"बाई, भोंगा नाही, छोटा स्पीकर आहे. श्वासाच्या सूचना आहेत त्यात."

"श्वास घ्यायला भोंगा लागतो का? जल्मल्यापासून घेयलात की."

वर्गातल्या बायका हसल्या. मला ते झोंबलं. त्या दिवसापासून आमचं जे जुळलं नाही, ते नाहीच. माझं नाव त्यांना ठाऊक होतं, पण शेवटपर्यंत त्या मला 'योगावाले' म्हणाल्या. माणसांशी गोड बोलणं म्हणजे लबाडी, असं त्यांचं पक्कं मत असावं. आम्ही हास्ययोग सुरू केला तर उठून सरळ आमच्यात आल्या आणि प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत म्हणाल्या, "कशाला हसायलात? काय झालंय?" त्यानंतर कुणालाच हसू येईना. तो प्रकार मला बंद करावा लागला.

मीही काही कमी नव्हतो. एके दिवशी मुद्दाम त्यांच्या पाठीमागे हातभर अंतरावर स्पीकर ठेवला आणि आवाज पूर्ण वाढवला. बाई हलली नाही. ध्यान संपल्यावर सतरंजी झटकली, घडी घातली, स्पीकर काखेत मारला आणि चालू लागली. "बायकोला पाठवा घ्यायला," मागे न बघता म्हणाली. बायको गेली ती चहापाणी करून, बऱ्याच वेळाने परतली. "चांगल्या आहेत हो सिस्टर," म्हणाली. पुढे दोन दिवस मी बायकोशी धड बोललो नाही.

मग शेजारी मंगल कार्यालय झालं. मालकानं आमच्या जागेला तारेचं कुंपण घातलं आणि पार्किंगची पाटी लावली. आम्ही चडफडलो आणि आपापल्या गच्चीवर व्यायाम करायचं ठरवलं. भांडण नको, हा सल्ला माझाच होता. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत हॉर्नचा आवाज ऐकून मी बाहेर आलो. खुर्च्यांनी भरलेला टेम्पो आत घुसलेला, दिवे चालू, आणि त्या उजेडात आपल्या जागेवर मांडी घालून सिस्टर.

"मावशी, उठा. चेंगरून मराल," ड्रायव्हर ओरडला.

"चेंगर. आदी लाईट बंद कर, डोळ्यावर यायलाय लय."

त्यानं खरंच दिवे बंद केले. तोवर घराघरातून माणसं आली होती. माझ्या बायकोनं तारेखालून वाकून आत चटई टाकली, मग इतरांनी टाकल्या. टेम्पो मागे गेला. आठवडाभरात कुंपणही निघालं. टेम्पो गेला त्याच सकाळी मी मोठ्या मनानं त्यांच्याजवळ गेलो आणि म्हणालो, "सिस्टर, तुमच्यामुळं आज..."

"तुमच्यासाठी बसले न्हवते मी. उद्यापासून तो भोंगा आणू नका."

मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम आणला.

गेल्या उन्हाळ्यात त्या यायच्या बंद झाल्या. लेकीनं त्यांना दवाखान्यात ठेवलंय, असं कळलं. यकृत गेलं होतं. बायको म्हणाली म्हणून एका पहाटे वर्गाला सुट्टी देऊन आम्ही दोघं गेलो. पिवळी पडलेली, पार वाळलेली बाई उशीला टेकून बसली होती. बायकोला बघून तिचा चेहरा जरा सैल झाला. मग नजर माझ्यावर आली.

"योगावाले, तुमी इथं कशाला?"

"भेटायला आलो."

"आन् तिथं कोण हाय?"

"आज वर्ग नाही ठेवला."

त्यांनी डोळे मिटले. दम गोळा करायला त्यांना वेळ लागला. "लग्नाची तिथ हाय आज. जागा मोकळी दिसली की गाड्या लावतेत ते. एक डाव लावू दिल्या की झालं. कळत न्हाई का तुमाला? जावा."

"सिस्टर, तब्येत..."

"जावा म्हन्ले ना."

दुपारी त्या गेल्या. म्हणजे माझ्याशी त्यांचं शेवटचं बोलणं हे असं, हाकलून देणारं. त्या मला आवडत नव्हत्या. गेल्या म्हणून आता आवडायला लागल्या, असंही मी म्हणणार नाही.

सकाळी त्यांनी 'जावा' म्हटल्यावर बायकोला त्यांच्याजवळ ठेवून मी तसाच निघालो होतो. ऊन वर आलं होतं. मैदानात दोन गाड्या लागल्या होत्या, तिसरी वळत होती. मी तिच्या पुढ्यात जाऊन उभा राहिलो. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मी खाली काळ्या मातीत मांडी घालून बसलो.