पाखरं उठली नाहीत

डावा हात डोक्यावरच्या टोपलीला होता आणि उजव्या हातात भावजयीचा, यमूचा हात. पाणी छातीला लागलं. पाय घसरला, टोपली कलली... मी तिचा हात सोडून टोपली सावरली. यमू तिथेच, चार हातांवर बुडाली.

भावाला मी सांगितलं, हात सुटला. सुटला नव्हता.

भूतखेत मी मानत नाही, आजही नाही. झालं ते लिहिते. महाराष्ट्र राज्य व्हायच्या एकदोन वर्षं आधीची गोष्ट. माघाची पौर्णिमा नुकतीच झालेली, सकाळची ओहोटी. किहीमच्या उत्तरेच्या खडकांवर आम्ही बायका कालवं, खडकाला घट्ट चिकटलेले शिंपले, फोडायला जायचो. घड्याळ कुणाकडे नव्हतं. लाल चोचीची काळी-पांढरी पाखरं आमच्या शेजारीच कालवं फोडत. भरती लागली की ती उठत, ती उठली की आम्ही उठायचो. आजीच्या वेळेपासून हेच.

यमू पेणकडची, भातशेतीतली. पोहता येत नव्हतं. पण आधी तिनेच पाहिलं.

“वन्स, मागच्या चरीत पानी आलंय.”

“पाखरं बसल्यात न्हवं? तुझ्यापरीस त्यांना जास्त कळतंय. फोड गुमान.”

“त्यांना पंख हायेत, वन्स.”

मी हसले. टोपली अजून भरायची होती.

पाणी पाखरांच्या पोटाला लागलं तरी ती हलेनात. सगळ्यांच्या चोची आमच्याकडे. तेव्हा कुठे मी घाबरले, आणि काठाकडे जायला आम्ही चरीत उतरलो.

काठावर शाळेचे मास्तर होते. सुट्टीच्या दिवशी दुर्बीण लावून पाखरांच्या नोंदी करायचे. होडीसाठी कोळीवाड्यात तेच धावले. यमू दुपारी सापडली. पुढे मास्तर मला म्हणाले, “ताई, इतकी वर्षं बघतोय, हा पक्षी भरतीत असा थांबत नाही. आणि तुमची भावजय दिसेनाशी झाली, त्याच क्षणी सगळे एकदम उडाले.”

दुर्बिणीतून त्यांना माझा हातही दिसला असणार. ते बोलले नाहीत — मी विचारलं नाही.

पाखरं का थांबली, हे त्यांना सांगता आलं नाही. मलाही नाही. गावात मात्र मी वर्षानुवर्षं सांगत आले, पाखरांनी फसवलं म्हणून. यमूला पाणी दिसलं होतं.

खडकावर आम्ही दोघी गेलो होतो. मी जगले.