धोंड्याच्या महिन्यात टळलेली मुदत

सांगलीत तेव्हा संस्थानचे राज्य होते. वकिलीची सनद मिळताच मी तेथून साताऱ्यास आलो आणि एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली उमेदवारी करू लागलो. ते शिकवीत नसत, पाहू देत. त्या दिवसांतले अजिंक्यताऱ्यावर उतरलेले ढग आणि कचेरीच्या आवारातला आल्याचा चहा अजून आठवतो. आता चहा वर्ज्य आहे.

युद्ध संपले होते. कोरेगावच्या एका शिंप्याने पलटणीचे कपडे शिवण्याच्या भरवशावर शिलाईयंत्रे सावकाराच्या कर्जातून घेतली होती. काम थांबले, देणे थांबले नाही. आपल्याला नादार, म्हणजे दिवाळखोर, ठरवावे, असा अर्ज त्याने केला. खालच्या न्यायालयाने तो फेटाळला. वर अपील झाले नाही, तर सावकार त्याला दिवाणी तुरुंगात बसवणार, हे ठरलेले होते. अपिलाची तीस दिवसांची मुदत टळल्यावर तो आमच्याकडे आला.

पुरेसे कारण असल्यास न्यायाधीश उशीर माफ करू शकत. आमच्या वकिलांनी विचारले, "आजारी होतास?"

"न्हाई. ठणठणीत हुतो."

"मग आला का नाहीस?"

"आवं, धोंड्याचा महिना न्हवता का!"

धोंड्याचा म्हणजे अधिक महिना. त्यात जावयाला वाण देतात. नवे काम काढत नाहीत. "महिन्याभरात वर जा," असे खालच्या कारकुनाने सांगितले होते. शिंप्याने अधिक महिना सोडला आणि पुढचा निज महिना धरला.

"हे कारण की कीर्तन?" वकील म्हणाले. मग कागद पुढे ओढून, "पण हेच सांगायचे. ताप-बीप रचायचा नाही."

सुनावणीला सावकाराचे वकील हसत उठले. "साहेब, व्याज धोंड्याच्या महिन्यातही चढते. ते याला बरे ठाऊक असते!"

"ठावं हाय की," शिंपी मागून म्हणाला, "म्हनून तर हितं आलोय."

सारे न्यायालय हसले. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी शिंप्याला पुढे बोलावले.

"तीस दिवस, असे कुणी सांगितले होते?"

"न्हाई सायेब. म्हैनाच म्हनले."

"कायद्याचे अज्ञान ही सबब नव्हे," सावकाराचे वकील म्हणाले.

"अज्ञान कायद्याचे नाही, पंचांगाचेही नाही," न्यायाधीश म्हणाले. "याने न्यायालयाच्या माणसाचा शब्द घेतला आणि घरच्या रीतीने मोजला. हयगय आहे, लबाडी नाही." उशीर माफ झाला. अपिलाचा निकाल लागेपर्यंत अटक करू नये, असाही हुकूम झाला.

बाहेर लिंबाखाली शिंप्याची बायको गाठोडे घेऊन बसली होती. त्यात घोंगडी, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी होती. नवऱ्याबरोबर तुरुंगात द्यायला तिने ते बांधून आणले होते.

"आज न्हेत न्हाईत," शिंपी म्हणाला.

तिने त्याच्याकडे नीट पाहिले. मग गाठोडे सोडून घोंगडी जमिनीवर अंथरली.

"बसा वकीलसाहेब. हितंच खाऊन टाकू."

पक्षकाराच्या घरचे पाणीही न घेणारे आमचे वकील टोपी काढून बसले. मी उभाच होतो.

"तुमाला काय येगळं आवतान द्यायचं?" ती म्हणाली, आणि अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली.